हातावरच्या शिरा सोडा, पायाच्या बघा
हातावरच्या शिरा दिसायला लागल्या म्हणजे अंगात रक्त कमी झालं असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. कातडी पातळ, चरबी कमी, नाहीतर गरमी, एवढंच कारण असतं बहुतेक वेळा. आपल्या सोलापुरात मे महिन्यात पारा ४२-४३ ला गेला की माझ्याही हातावरच्या शिरा टरारून फुगतात, शरीर उष्णता बाहेर टाकायला रक्त कातडीकडे ढकलतं म्हणून. आणि आतलं रक्त निळं नसतं, गडद लालच असतं, फक्त कातडीतून निळसर दिसतं.

पण पायाच्या शिरांचं वेगळं आहे, ते फारसं कुणी सांगत नाही. माझे वडील सोलापूरच्या पूर्व भागात पॉवरलूमवर (यंत्रमागावर) ३० वर्षं उभं राहून काम करायचे, पोटरीवर शिरा गाठी मारल्यासारख्या वाकड्यातिकड्या, आम्ही म्हणायचो कष्टाचे पाय आहेत. शिरांमधल्या झडपा निकामी झाल्या की रक्त वर न चढता खालीच साचतं, हे नंतर डॉपलर सोनोग्राफी (शिरांमधलं रक्त कसं वाहतं ते दाखवणारी तपासणी) केल्यावर कळलं, तोवर घोट्याजवळची कातडी काळी पडून जखम झालेली, ती भरायला पाच महिने लागले. घरात कुणाचा घोटा असा काळा पडत असेल, संध्याकाळी पाय सुजत असतील तर प्लीज लगेच दाखवा.