युद्ध संपल्यानंतरची घरे : मनातली ओढ आणि दडवून ठेवलेल्या गोष्टी (अनुभव धागा)

दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले, तरी घरोघरी त्याचे काही ना काही उरले. कोणाच्या ट्रंकेत, कोणाच्या फडताळात, तर कोणाच्या तोंडी बसलेल्या एखाद्या शब्दात. मागील पिढीने कोणावर तरी जीव लावला किंवा कशाचा तरी हव्यास धरला, आणि मग त्याविषयी घरात अवाक्षर काढायचे नाही असे न बोलताच ठरून गेले. असे काही आपल्या पाहण्यात आले असल्यास येथे लिहावे. माणसांची ओळख पटेल असे तपशील मात्र टाळावेत. सुरुवात मीच करतो.

कोल्हापूर

आमच्या गावापासून वळिवडे जवळ. तेथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधून सायबेरिया आणि कझाकस्तानात नेऊन टाकलेली ही माणसे इराणमार्गे येथे पोहोचली होती, आणि त्यांत बायका-मुलांचाच भरणा अधिक होता. (फाळणीनंतर त्याच जागी सिंधी निर्वासित आले. आजचे गांधीनगर ते हेच. कापडखरेदीला जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असते.) आजोबा तेव्हा विशीत होते आणि सायकलला किटल्या अडकवून छावणीत दूध घालायला जात. छावणीच्या गोष्टी ते रंगवून सांगत, पण त्या गोष्टींतली माणसे नेहमी अनेकवचनी असत : ‘त्या बाया’, ‘ती पोरं’. कोणा एकीचा उल्लेख कधी झाला नाही.

१९९४ साली ते गेले. दिवस झाल्यावर वडिलांनी त्यांची ट्रंक उघडली, तेव्हा फेट्याच्या घडीत एक पांढरा रुमाल निघाला. कडेने लाल रेशमाची फुले आणि कोपऱ्यात एकच इंग्रजी ‘एल’, पण त्यावर तिरकी रेघ मारलेली. मला आश्चर्य वाटले ते रुमालाच्या अवस्थेचे. पन्नास वर्षांचे कापड पिवळे पडायला हवे, घडीवर चिरायला हवे, पण हा रुमाल स्वच्छ होता आणि त्याला रिठ्याचा वास येत होता. आजोबांनी जन्मात स्वतःचे धोतर धुतले नव्हते.

आजी उंबऱ्याशी बसून गहू निवडत होती. तिने मान वर न करता सांगितले, “दरसाल दसऱ्याच्या धुण्यात धुतलाय म्या. रेशमाचं काम हाय, कसर लागली असती.”

“आजोबांना ठाऊक होतं?”

“त्यांनी कधी इचारलं न्हाई,” एवढे बोलून तिने सूप पाखडले.

रायगड जिल्हा

आमचे चुलत आजोबा मराठा पलटणीतून इटलीत लढले. नांगराला जुंपलेले बैल बिथरले की ते ‘पियानो, पियानो’ म्हणत. आम्ही मुले ते बैलाचे नाव समजत असू. इटालियन भाषेत त्याचा अर्थ ‘हळूहळू’ असा होतो, हे मला पन्नाशीत कळले. झोपेतही ते हा शब्द उच्चारत, आणि मग चुलत आजी उठून गोठ्यात जाऊन बसत असे. आमच्याकडे याहून अधिक पुरावा नाही.

अ‍ॅमस्टरडॅम

आम्ही शहराच्या दक्षिण भागात वरचा मजला भाड्याने घेतला होता. खाली नव्वदीला टेकलेल्या घरमालकीणबाई राहत. दारासमोरच्या फरसबंदीत हाताच्या पंजाएवढ्या पितळी पाट्या आहेत, आणि त्यांवर या घरातून नेऊन मारल्या गेलेल्या ज्यू कुटुंबाची नावे आहेत. युद्धापूर्वी या देशात सुमारे १,४०,००० ज्यू होते, त्यांपैकी एक लाखाहून अधिक मारले गेले. जे परतले, त्यांच्यातील अनेकांना पालिकेने ते छळछावणीत असतानाच्या काळाचे जमीनभाडे दंडासह भरायला लावले. त्याची भरपाई म्हणून एक कोटी युरो देण्याचा निर्णय व्हायला २०१६ साल उजाडले.

बाईंचे कुटुंब १९४३ साली या घरात आले. एकदा चहा देताना त्या आपणहून म्हणाल्या, “हे चमचे आमचे नाहीत.” त्यांची आई युद्धापूर्वी याच घरी शिवणकामाला येत असे आणि तेव्हापासून त्या चांदीच्या चमच्यांवर तिचा जीव होता. युद्धानंतर एक स्त्री दाराशी आली. तिने सामानाविषयी विचारले, तेव्हा ‘आम्ही आलो तेव्हा घर रिकामे होते’ असे आईने सांगितले. त्या वेळी आईच्या एप्रनच्या खिशात पुसायला घेतलेला चमचा होता, आणि शेजारी उभ्या असलेल्या आठ वर्षांच्या मुलीला तो दिसत होता. पुढे आई दर शनिवारी ते चमचे इतके घासत राहिली की दांड्यांवरची मूळ मालकांची आद्याक्षरे झिजून गेली. मी बोट फिरवून पाहिले. अक्षरांच्या जागी किंचित खोलगटपणा लागतो, एवढेच.

पुणे

कोल्हापूरकरांसाठी : रेघ मारलेला ‘एल’ हे पोलिश लिपीतले स्वतंत्र अक्षर असून त्याचा उच्चार ‘व’च्या जवळचा होतो. त्या अक्षराने सुरू होणारे बायकांचे एक नाव म्हणजे ‘वुत्स्या’, म्हणजे आपल्याकडची ल्युसी.

कोल्हापूर

आभारी आहे. हे वाचल्यावर बराच वेळ काही लिहिता आले नाही. माझ्या थोरल्या आत्याचा जन्म १९४९चा. बारशाला तिचे नाव आजोबांनी हट्टाने वत्सला ठेवले, असे घरात सांगतात. सगळे तिला वच्छी म्हणत, आजोबा तेवढे ‘वुत्स्या’ म्हणून हाक मारत, आणि तंबाखूमुळे त्यांचे बोलणे तसे होते असे आम्ही समजत होतो. रुमाल आजीनंतर आत्याकडेच गेला आहे. दसऱ्याला तीही तो रिठ्यात धुते. तिला मी अजून काही कळवलेले नाही.