मदत हवी आहे: बाळाच्या काखेत गाठ, रिपोर्टमध्ये टीबी, उद्या चिरा द्यायचा म्हणतात

सईची_आई
कृपया लवकर उत्तर द्या. बाळाच्या काखेत गाठ आली आहे. आधी बोरापेक्षा लहान होती, आता चांगली वाढली आहे आणि वरची कातडी लालसर दिसते. सुई घालून तपासणी केली, रिपोर्टमध्ये टीबीचे जंतू आलेत. इथले डॉक्टर म्हणतात उद्या सकाळी नऊला आणा, चिरा देऊन पू काढू आणि लगेच एकेटी (टीबीची औषधं) सुरू करू. पुण्याचे डॉक्टर फोनवर म्हणाले काही करू नका, आपोआप जाईल. दोघांत इतका फरक कसा? ज्यांनी हे स्वतः पाहिलंय त्यांनीच लिहा. 'डॉक्टरांना विचारा' एवढंच नको, दोघांना विचारूनच इथे आले आहे.

चौकस
बाळ केवढं? कोणती काख? टीबीची लस, बीसीजी, कधी आणि कुठे टोचली? ताप? वजन वाढतंय का? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

सईची_आई
चार महिन्यांची आहे. डावी काख. बीसीजी डाव्याच दंडावर देतात ना सगळ्यांना! जन्मली त्याच दिवशी दिली. ताप नाही, दूध पिते, खेळते. आता उत्तर सांगा.

वनौषधी_प्रेमी
ताई, घाबरू नका. रक्तचंदन उगाळून दिवसातून तीनदा लेप लावा, गाठ बसते असं आमच्याकडे म्हणतात. आमच्याकडे गाठीवर बिब्ब्याचा चटका देत, दुसऱ्या दिवशी फरक दिसे.

चौकस
चार महिन्यांच्या कातडीवर बिब्बा?? अहो, मोठ्या माणसाच्या अंगावर फोड येतात त्याने. संपादक, हा प्रतिसाद उडवा.

बालरोग_निवासी
बालरोग विभागात निवासी डॉक्टर आहे, बाळ न पाहता लिहितोय हे धरून वाचा.

ज्या दंडावर बीसीजी त्याच बाजूच्या काखेत गाठ, वय सहा महिन्यांच्या आत, ताप नाही, मूल मजेत. अशी गाठ बहुतेक वेळा लसीचीच असते. बीसीजीत जिवंत जंतू असतात. काल्मेत आणि गेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी गाईगुरांच्या टीबीचा जंतू १९०८ पासून १३ वर्षं, २३० वेळा नव्या खाद्यावर वाढवत नेऊन मवाळ केला. तो दंडातून काखेतल्या गाठीपर्यंत जातो, आणि काही बाळांत ती गाठ फुगते.

आता रिपोर्ट. तपासणीत जंतूंना जो लाल रंग देतात तो टीबीचा जंतूही धरतो आणि लसीतलाही. जीनएक्स्पर्ट ही यंत्रावरची तपासणी केली तरी ती दोघांत फरक करत नाही. तेव्हा या रिपोर्टवरून जंतू बाहेरून आला की लसीतून, हे ठरत नाही.

एकेटीने ही गाठ लवकर जाते असं अभ्यासांत दिसलेलं नाही. त्यातलं पायराझिनामाइड तर बीसीजीवर मुळातच चालत नाही. चिरा देऊ नका, जखम महिनोन्महिने वाहत राहते. गाठ टणक असेल तर वाट पाहायची. मऊ पडून आत पू झाला असेल तर बाजूच्या चांगल्या कातडीतून जाड सुई घालून तो ओढून घेतात.

हाताला टणक लागते की मऊ? वारंवार जुलाब, तोंडात पांढरा थर, अंगावर आणखी कुठे गाठी? घरात आधी एखादं मूल तान्हेपणी दगावलंय का? प्रतिकारशक्तीचा जन्मजात दोष असेल तर मामला वेगळा, म्हणून विचारतो.

सदाफुली
चिऱ्याबद्दल +१००. माझ्या धाकट्याला एका खासगी दवाखान्यात असाच चिरा दिला होता. पावसाळ्यात दिलेला, दिवाळीचं अभ्यंगही काख कोरडी ठेवून केलं. दुसऱ्यांनी शेवटी पूर्ण गाठ काढली तेव्हा थांबलं. आज तो क्रिकेट खेळतो, पण व्रण बघा म्हणावं.

पेठेतला_पेन्शनर
मुळात ही लस द्यावीच कशाला, हा प्रश्न कुणी विचारत नाही. तमिळनाडूत चिंगलपटला १९६८ मध्ये सुरू झालेली आपलीच चाचणी होती. पंधरा वर्षांचा निकाल १९९९ मध्ये छापून आला: मोठ्यांच्या फुप्फुसाच्या टीबीपासून संरक्षण शून्य. आणि जर्मनीत ल्यूबेकला १९३० मध्ये याच लसीने ७२ बाळं दगावली. हे लसीकरण कार्डावर छापतात का?

बालरोग_निवासी
काका, अर्धं सांगताय. चिंगलपटचा निकाल खरा आहे आणि म्हणूनच मोठ्यांना बीसीजी सरसकट देत नाहीत. तान्ह्यांना देतात ती मेंदूच्या आणि अंगभर पसरणाऱ्या टीबीसाठी, तिथे ती उपयोगी पडते. ल्यूबेकला प्रयोगशाळेत लसीत खऱ्या टीबीचे जंतू मिसळले गेले. डॉक्टरांवर खटला चालला, शिक्षा झाली. दोष लसीचा नव्हता.

पेठेतला_पेन्शनर
दोष कुणाचाही असो, बाळं गेलीच ना.

टेक्सासकर
आमच्याकडे अमेरिकेत बीसीजी सरसकट देत नाहीत. माझ्या दोन्ही मुलींना दिलेली नाही, ठणठणीत आहेत.

चौकस
तुमच्याकडे टीबी किती आणि आमच्याकडे किती? तिचा प्रश्न उद्या नऊचा आहे, त्यावर बोला.

सईची_आई
कुणी भांडू नका हो. मधोमध मऊ लागते, कडेला टणक. जुलाब वगैरे काही नाही. आधीचं मूल नाही, ही पहिलीच. मग चिरा नको आणि औषधही नको, हे नक्की ना? डॉक्टरांना आत्ताच फोन करते.

कोल्हापुरी_कंदील
थांबा. फोन करण्याआधी एक सांगा. घरात कुणाला जुना खोकला? टीबी?

सईची_आई
माझ्या बाबांना आहे. पण त्यांचा कोर्स चालू आहे, सरकारी गोळ्या नियमित घेतात. त्याचा आणि लसीच्या गाठीचा काय संबंध?

बालरोग_निवासी
ताई, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही होती! तुम्ही माहेरी आहात? बाबांच्या गोळ्या कधी सुरू झाल्या? थुंकीत जंतू होते?

सईची_आई
हो, बाळंतपणापासून माहेरीच आहे. गोळ्या सुरू होऊन दीड महिना झाला. थुंकीत होते. पण त्याआधी कित्येक महिने ते खोकत होते, आम्ही विडीचा खोकला समजत होतो. सईला मांडीवर घेऊनच बसायचे. लोक काय म्हणतील म्हणून आम्ही बाहेर सांगितलेलं नाही, इथेही सांगणार नव्हते. आशाताई विचारायला आल्या तेव्हा आम्ही लग्नाला सासरी गेलो होतो, आईने सांगून टाकलं घरात लहान मूल नाही.

बालरोग_निवासी
मग आता माझं आधीचं उत्तर तसंच्या तसं घेऊ नका. काखेतली गाठ अजूनही लसीचीच असण्याची शक्यता जास्त, आणि चिरा अजूनही नकोच. पण बाळाला खरा टीबी झालेला नाही हे तपासल्याशिवाय 'काही करू नका' म्हणता येत नाही. छातीचा एक्स-रे, वजनाचा आलेख, आणि सकाळी उपाशीपोटी नळीने काढलेलं पोटातलं पाणी. तान्ही मुलं थुंकत नाहीत, कफ गिळतात, म्हणून जंतू तिथे शोधतात. टीबी नसेल तर पाच वर्षांखालच्या मुलाला तो होऊ नये म्हणून आयसोनियाझिड सहा महिने देतात, सरकारी कार्यक्रमातून फुकट मिळतं. असेल तर पूर्ण उपचार.

पुण्याच्या डॉक्टरांना बाबांचं माहीत आहे?

सईची_आई
नाही. त्यांनी विचारलं नाही.

सदाफुली
अगं, आधी त्यांना फोन कर. आणि दूध बंद करू नकोस, घरातलं कुणीतरी सांगेलच तसं.

वनौषधी_प्रेमी
बाबांना रोज अडुळशाचा काढा द्या, गोळ्यांची उष्णता कमी होते म्हणतात.

कोल्हापुरी_कंदील
काढा राहू दे. बाबांची गोळी एक दिवसही चुकायला नको, आणि सध्या त्यांची खोली वेगळी, खिडक्या उघड्या, तोंडाला मास्क. घरातल्या बाकीच्यांचीही तपासणी करा. तुमची पण.

सईची_आई
नऊची वेळ रद्द केली. पुण्याचे डॉक्टर आधी चिडले, मग म्हणाले बाबांची फाइल घेऊन बाळाला जिल्हा रुग्णालयात बालरोग विभागात दाखवा, मी तिथे बोलतो. पहाटेच्या एसटीने निघतोय. आई म्हणते टीबीच्या खिडकीवर गावातलं कुणी पाहिलं तर. मी म्हटलं पाहू दे.

नवी_सभासद
धाग्यावर विचारते, माफ करा. माझ्या मुलीला बीसीजीचा व्रणच उठला नाही. परत टोचून घ्यायची का?

बालरोग_निवासी
नाही. व्रण नाही म्हणजे लस लागली नाही असं होत नाही, परत देत नाहीत.

पेठेतला_पेन्शनर
बघा! व्रण उठला तरी ठीक, नाही उठला तरी ठीक. कशी लस म्हणायची ही?

चौकस
काका, वेगळा धागा काढा. तिथे येतो भांडायला.