वऱ्हाडासाठी लाईट-साऊंडवाली बस घ्यावी का? (पाटण ते चिपळूण)

भावाचं लग्न आहे, मुलीकडचे चिपळूणचे, आपलं गाव पाटणच्या वर डोंगरात. ४० माणसं होतील, त्यात म्हातारी माणसं आणि लहान पोरं पण आहेत. पोरांना डीजे-लाईटवाली बस पाहिजे, कोणी केली आहे का अशी बस, काय बघून घ्यावं?

घाटवाट:
दादा, कुंभार्ली घाट आहे, बसमध्ये उभं राहून नाचायचं काम नाही, वळणावर माणूस पडला की संपलं. नाच मांडवात करा ना. आमच्या वेळी पोरं ऐकेनात, ड्रायव्हरने घाटाआधीच गाणी बंद केली, तेच बरं झालं. आणि रात्री १० नंतर स्पीकर लावायला कायद्यानेच बंदी आहे, परतताना ध्यानात ठेवा.

मलकापूरकर:
एसटी घ्या की, डेपोत जाऊन प्रासंगिक करार, म्हणजे अख्खी बस भाड्याने, सांगायचा, आम्ही दोन लग्नं तशीच केली. लग्नसराईत मिळत नाही म्हणून तारीख ठरली की लगेच जा. खाजगी घेणार असाल तर पिवळी पाटी, परमिट, फिटनेस, इन्शुरन्स हे कागद स्वतः बघा आणि डिझेल, टोल, ड्रायव्हरचा भत्ता कोणाकडे ते लिहून घ्या.

प्रश्नवाला:
एसटीचं डोक्यातच नव्हतं! पण बस वाडीपर्यंत चढणार नाही, खाली फाट्यापर्यंत पिकअपने आणू का सगळ्यांना?

घाटवाट:
पिकअप नको रे, ती मालाची गाडी, त्यात माणसं बसवायची नसतात. दोन जीप सांगा, फेऱ्या करतील. आज्यांना पहिल्या फेरीत आणून बसच्या पुढच्या सीटवर बसवा, मागे धक्के लागतात.