पाणी घातल्यावर मोलॅरिटी (लिटरला किती मोल) किती? उत्तर जुळेना

बारावी सायन्स, सोलापूर: २५ मिली २ मोलर एचसीएल (हायड्रोक्लोरिक ॲसिड) आहे, त्यात १०० मिली पाणी घातलं. मी २५ × २ भागिले १०० केलं, ०.५ आलं, पुस्तकात ०.४ आहे, तीनदा केलं तरी तेच येतंय, उद्या टेस्ट आहे प्लीज सांगा कुठं चुकतंय

केमवाला: अरे १०० हे घातलेलं पाणी आहे, एकूण नाही. एकूण झालं १२५ मिली. ॲसिड तेवढंच राहतं, २५ × २ = ५० मिलीमोल, ते आता १२५ मध्ये पसरलं म्हणून ५० ÷ १२५ = ०.४. "१०० मिलीपर्यंत पातळ केलं" असं असतं तर तुझं ०.५ बरोबर होतं. त्या 'पर्यंत' शब्दावरच मार्क जातात बघ.

डाईंगवाला: मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या डाईंगला आहे, आम्ही रोज हेच करतो. कॉस्टिक सोड्याचा स्टॉक (घट्ट द्रावण) लिटरला ४०० ग्रॅम, पाहिजे १० लिटर, लिटरला २० ग्रॅमवालं, मग स्टॉक फक्त अर्धा लिटर लागतो आणि पाणी १० लिटरच्या खुणेपर्यंत, वेगळं १० लिटर मोजून ओतायचं नाही. आणि कॉस्टिक असो का ॲसिड, ते पाण्यात हळूहळू सोडायचं, उलटं कधीच नाही, अंगावर उडतं.

बारावी सायन्स: आलं लक्षात!! बाकीची दोन गणितं पण सुटली, थँक्यू दादा