तेलकट लेन, कोरडी लेन: एकच बॉल पुरेल का?

अनुजा_इलिनॉय

नमस्कार मंडळी. क्रिकेट-बॅडमिंटनचे धागे इथे पुष्कळ आहेत, दहा पिनांच्या बोलिंगचा दिसला नाही म्हणून नवा काढते.

मी शिकागोच्या वायव्येकडच्या उपनगरात राहते. ऑफिसच्या टीमबरोबर दोन वर्षांपासून बुधवारची लीग खेळते. गेममागे सरासरी १४२ गुण. उजव्या हाताने टाकते. बॉल १४ पौंडांचा, टीममधल्या एकीने दिलेला. जुनी भोकं बुजवून माझ्या बोटांच्या मापाने नवी पाडून घेतली. रिॲक्टिव्ह (लेन धरून वळणारा) आहे, त्यातला पर्ल नावाचा प्रकार, चकचकीत.

रविवारी घराजवळच्या जुन्या सेंटरला सराव करते. तिथे हा बॉल अर्ध्या लेनवरच वळायला लागतो आणि पहिल्या पिनेच्या डावीकडे निघून जातो. बुधवारी लीगच्या आधी लेनवर ताजं तेल घालतात. तिथे तोच बॉल तसाच टाकला तरी सरळ घसरत जातो आणि उजवीकडच्या तीन-सहा नंबरच्या पिना घेऊन थांबतो. तिसऱ्या गेमपर्यंत पुन्हा वेगळंच काहीतरी करायला लागतो.

टीममधले म्हणतात, "सगळ्यात जोरात वळणारा बॉल घे, प्रश्न मिटेल." दुकानात तसा एक २३० डॉलरला सांगितला. एवढे पैसे घालायची तयारी आहे, पण कशासाठी घालते आहे ते आधी समजून घ्यायचं आहे. मला हा खेळ खरंच आवडायला लागला आहे.

डेट्रॉइटकर

अनुजा, पैसे तूर्त खिशातच राहू द्या. आधी एवढं सांगा: पडद्यावर बॉलचा वेग किती दिसतो? हा बॉल किती गेम खेळून झाला असेल, आणि त्यातलं तेल कधी काढलं आहे का? बुधवारी बॉल परत येतो तेव्हा त्यावर तेलाच्या रेघा दिसतात का, त्या एकावर एक बसलेल्या असतात की पसरलेल्या?

अनुजा_इलिनॉय

काका, वेग १४ मैलांच्या आसपास. मीच दीडशे गेम खेळले असतील, त्याआधीचं माहीत नाही. तेल काढतात हेच मला ठाऊक नव्हतं, मी टॉवेलने पुसते फक्त. रेघा दिसतात, बोटभर रुंदीत पसरलेल्या.

डेट्रॉइटकर

मग तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर याच बॉलमध्ये आहे. जरा सविस्तर लिहितो.

मी मूळचा इचलकरंजीचा. मिशिगनमध्ये येऊन २७ वर्षं झाली, त्यातली २४ लीगमध्ये खेळलो. नोकरी गाड्यांच्या सुट्या भागांच्या रंगकामात होती. पृष्ठभाग किती गुळगुळीत, किती खरखरीत हे मोजणं रोजचंच काम. त्यामुळे बॉल हातात घेतला की माझं लक्ष आधी वरच्या कवचाकडे जातं. आतला गाभा नंतर.

कॅरम आठवा. पावडर जास्त झाली की स्ट्रायकर सुळकन जातो, कमी झाली की मध्येच अडखळतो. लेनवर तेच काम तेल करतं. फाउल लाइनपासून (जिच्या अलीकडून बॉल सोडायचा ती रेघ) पहिल्या पिनेपर्यंत ६० फूट. त्यातले पुढचे साधारण ४० फूट तेलाचे, शेवटचे कोरडे. रुंदी ३९ पट्ट्यांची. रोजच्या सेंटरमध्ये मधल्या पट्ट्यांवर तेल भरपूर आणि दोन्ही कडांना अगदी थोडं असतं. म्हणून बॉल जरा उजवीकडे सुटला तर कोरड्यात धरून परत येतो, आत सुटला तर तेलात घसरून जागेवर राहतो. आपल्याला वाटतं आज हात छान चालला आहे. त्यात तेलाचाही मोठा हात असतो.

आता बॉल. प्लॅस्टिकचा बॉल तेल असो नसो, जवळजवळ सरळच जातो. रिॲक्टिव्हच्या कवचाला बारीक छिद्रं असतात, ती तेल पितात, म्हणून तो लेन धरतो. त्यात सॉलिड लवकर धरतो आणि सावकाश, एकसारखा वळतो. पर्ल आधी लांब घसरतो आणि कोरडं लागलं की झटकन वळतो. हायब्रिड मधला. पण या सगळ्यावर मात करते ती पॉलिश किंवा घासणी. घाटात पावसात झिजलेला टायर घसरतो आणि नक्षीचा टायर रस्ता धरतो, तसंच. घासलेल्या बॉलचे सूक्ष्म काटे तेलाच्या थरातून खाली लेनपर्यंत पोचतात, पॉलिश केलेला बॉल वरून तरंगत जातो. घासायच्या पॅडला नंबर असतात: ५०० चा खरखरीत, १००० त्याहून कमी, २००० मधला, ४००० बऱ्यापैकी गुळगुळीत, त्यापुढे पॉलिश.

तुमचा बॉल पर्ल, वर पॉलिश, त्यात दीडशे गेमचं तेल पोटात. छिद्रं भरलेली. ताज्या तेलावर तो धरणार तरी कशाने? रविवारच्या लेनवर तेल इतकं कमी असावं की असा बॉलही लवकर वळतो. १४ मैल वेगही त्याला मदत करतो, कारण वेग कमी म्हणजे लेन धरायला वेळ जास्त. आणि म्हणूनच सगळ्यात जोरात वळणारा बॉल तुमच्यासाठी नाही. रविवारी तो लेनवर नेम धरायला काढलेल्या बाणांच्या जरा पुढेच वळायला लागेल.

हे मी भोगलं आहे. २००९ साली असंच कुणाच्या सांगण्यावरून एक दणकट, असममित (सगळीकडून सारखा नसलेल्या) गाभ्याचा, ५०० ला घासलेला सॉलिड घेतला. माझी सरासरी १७६ होती. सहा आठवड्यांत १६१ वर आली. बॉल वळायचा भरपूर, बघणाऱ्यांना भारी वाटायचं. पण सगळी ताकद आधीच खर्च करून पिनांपाशी पोचायचा तो दमलेला. सहा नंबरची पिन लोळत गटरमध्ये जायची आणि दहा नंबरची कोपऱ्यात तशीच उभी. दर गेमला तीन-चार वेळा. मी हाताला दोष देत राहिलो, मनगट बदललं, पावलं बदलली. शेवटी बॉलला भोकं पाडणाऱ्या एका जुन्या ड्रिलरने तो बॉल मशीनवर फिरवून ३००० ला आणला, दहा मिनिटांचं काम. त्या आठवड्यात परत १७०च्या वर गेलो. ते सहा आठवडे मी विसरलेलो नाही, म्हणून एवढं लिहितो आहे.

तर आधी हे करा. बादलीत हाताला सोसेल इतकंच गरम पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब. भोकांवर टेप लावा. बॉल वीस मिनिटं बुडवा, काढून पुसा, पाण्यावर तेलाचा तवंग दिसेनासा होईपर्यंत पुन्हा करा. ओव्हनमध्ये घालू नका, तडा जातो. (जानेवारीत गाडीच्या डिकीत रात्रभर ठेवू नका, त्यानेही जातो. तुमच्याकडेही आमच्यासारखीच थंडी.) मग दुकानात जाऊन पॉलिश काढून २००० चा हात मारून घ्या. यापुढे दर ५०-६० गेमनंतर तेल काढायचं आणि प्रत्येक सरावानंतर घरी जायच्या आत क्लीनरने पुसायचं, कारण बॉल कोमट असतानाच तेल सुटतं. लीग खेळताना मात्र कोरडा टॉवेलच. अमेरिकेच्या बोलिंग संघटनेने २०१९ मध्ये खेळ चालू असताना द्रव वापरायला बंदी घातली, आणि स्कोअर सुरू झाल्यावर पॅडने घासताही येत नाही.

त्यानंतर दोन बुधवार खेळा आणि मग इथे सांगा.

बे_एरियाचा_बाबा

डेट्रॉइटकर, छान लिहिलंत, पण युरेथेन (कवचाचा आणखी एक प्रकार) सोडून दिलंत. माझा मुलगा १५ वर्षांचा, दोन्ही हातांनी टाकतो, व्यावसायिक खेळाडू जेसन बेल्मॉन्टीसारखं. त्याच्या बॉलला फिरकी इतकी की कोरड्या लेनवर कुठलाही रिॲक्टिव्ह आवरत नाही. युरेथेन लवकर धरतो पण शेवटी झटका देत नाही, एकाच कमानीत जातो. स्पर्धेत तेलाची लांबी ३२ फूट असली की त्याचा हाच बॉल. अनुजा यांच्या रविवारच्या लेनसाठी युरेथेन का नको?

डेट्रॉइटकर

बाबा, तुमच्या मुलासाठी अगदी बरोबर. छोट्या पॅटर्नवर (म्हणजे तेलाची मांडणी आखूड असली की) युरेथेनला तोड नाही. लांबीचा साधा हिशेब असा: तेलाची फुटांतली लांबी घ्या, त्यातून ३१ वजा करा. तेल संपतं तिथे बॉल कडेपासून साधारण तितक्याव्या पट्टीवर असायला हवा. ४० फुटांना नववी पट्टी. व्यावसायिक स्पर्धांतला वुल्फ पॅटर्न ३२ फुटांचा, म्हणजे पहिली पट्टी, अगदी गटरच्या काठावरून. बॅजर ५२ फुटांचा, म्हणजे एकविसावी, लेनच्या मध्याच्याही पलीकडे. हा फक्त सुरुवातीचा अंदाज, पण त्यावरून कळतं की ३२ फुटांना हळुवार बॉल का लागतो आणि ५२ फुटांना घासलेला सॉलिड का.

अनुजा यांचं वेगळं आहे. वेग १४ मैल, फिरकी मध्यम. त्यांच्या हातून युरेथेन पिनांवर पोचेल तेव्हा मारायला जोर उरणार नाही. शिवाय युरेथेन तेल पीत नाही, पुढे ढकलत नेतो. मागच्या कोरड्या भागावर त्याच्या तेलाच्या रेघा उमटतात आणि त्याच लेनवर रिॲक्टिव्ह टाकणाऱ्या मैत्रिणींचे बॉल वळेनासे होतात. टीमने खेळताना याचाही विचार करावा असं माझं मत आहे.

कोथरूडचा_केदार

इथे पुण्यात स्वतःचा बॉल असणारे ओळखीचे दोघंच आहेत. बाकी सगळे रॅकवरचा उचलतो. आम्हाला यातलं काय लागू?

डेट्रॉइटकर

केदार, रॅकवरचे बॉल बहुतेक सगळे प्लॅस्टिकचे असतात, तेलाचा त्यांच्यावर फार परिणाम होत नाही. तुम्ही अंगठा सहज सुटेल असा बॉल निवडा, वजनापेक्षा ते महत्त्वाचं. दर वेळी त्याच बाणावरून टाका. तेल समजून घ्यायचं असेल तर त्या दोघांमागे उभे राहून त्यांचा बॉल किती फुटांवर वळायला लागतो ते बघत जा. मी तसंच शिकलो.

अनुजा_इलिनॉय

दोन नाही, तीन बुधवार झाले. सांगते.

पाण्यात बॉल चार वेळा बुडवला. पहिल्या वेळी पाण्यावर पिवळसर तवंग आला तो बघून मुलगी म्हणाली, "आई, हे सगळं बॉलमध्ये होतं?" मलाही विश्वास बसेना. दुकानात २००० ला घासून घेतला, पंधरा डॉलर. पहिल्या बुधवारी १५१, १६३, १२९. तिसऱ्या गेमला सगळे बॉल डावीकडे जायला लागले. दुसऱ्या बुधवारी टीममेटने सांगितलं म्हणून पावलं दोन पट्ट्या डावीकडे आणि नजर एक पट्टी डावीकडे नेली: १५४, १४९, १६८. शेवटच्या गेममध्ये लागोपाठ चार स्ट्राइक (पहिल्याच बॉलला दहाही पिना), आयुष्यात पहिल्यांदा. परवा १५७ ची सरासरी.

पण रविवारचं अवघड झालं. तिथे आता बॉल आणखीच लवकर वळतो. आणि दहा नंबरची पिन एकटी उरली की ती मला घेताच येत नाही, बॉल तिच्या अलीकडेच आत वळतो.

डेट्रॉइटकर

चार स्ट्राइक! फार आनंद झाला वाचून. आणि तुमच्या टीममेटने बरोबर सांगितलं. तिसऱ्या गेमपर्यंत सगळ्यांच्या बॉलनी त्या वाटेवरचं पुढचं तेल पिऊन टाकलेलं असतं, बॉल लवकर धरतो. डावीकडे चुकला की पावलं डावीकडे, उजवीकडे चुकला की उजवीकडे. बॉल बदलायच्या आधी पावलं हलवायची.

आता खर्च करा, पण त्या २३० डॉलरच्या बॉलवर नाही. साधा प्लॅस्टिकचा, १४ पौंडांचाच, तुमच्या मापाने पाडलेला घ्या. दहा नंबरच्या पिनेवर तो तेलाकडे न बघता सरळ जाईल. बुधवारी स्पेअर, म्हणजे उरलेल्या पिना, त्यानेच. सरासरी वाढायची सगळ्यात जास्त जागा तुम्हाला तिथेच आहे, १४२ च्या आसपासच्या जवळजवळ प्रत्येकाला असते. रविवारी त्या कोरड्या लेनवर तोच बॉल पहिल्यांदा टाकतानाही वापरा, थोडासा वळेल तेवढा पुरे. रिॲक्टिव्ह बुधवारसाठी ठेवा.

सरासरी १६५ च्या पुढे गेली आणि बुधवारी तिसऱ्या गेमला पावलं चार-पाच पट्ट्या सरकवूनही बॉल डावीकडेच जात राहिला, तर तेव्हा दुसरा रिॲक्टिव्ह घ्यायचा: साध्या सममित गाभ्याचा, पर्ल, पॉलिश केलेला. म्हणजे तुमचा आत्ताचा बॉल पूर्वी जसा होता तसाच, फक्त ताजा.

ड्रिलिंगला जाताना जुना बॉल बरोबर न्या. दोन्ही बॉलचं अंगठ्याचं भोक आणि बोटांपर्यंतचं अंतर सारखंच पाहिजे. थोडा जरी फरक राहिला तरी बॉल बदलताना अंगठा अडकतो किंवा लवकर सुटतो. संध्याकाळी जा, दिवसभर काम करून हात जरा सुजलेला असतो, बुधवारी खेळता तेव्हा असतो तसा.

अनुजा_इलिनॉय

शुक्रवारी सहाची वेळ घेतली आहे. जुना बॉल आत्ताच दाराशी काढून ठेवला.