मदत हवी आहे: मिंट २२.१, रेडिऑन आर९ २७० आणि विचर ३ चा स्लाइड शो

नमस्कार मंडळी,

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आमच्या मशीनला ११ घेता येत नाही, म्हणून घरच्या जुन्या असेम्बल्ड पीसीवर लिनक्स मिंट टाकलं. बाकी सगळं झकास आहे. बूट पटकन होतो, यूट्यूब कुठे अडकत नाही, प्रिंटरसुद्धा काही न विचारता चालू झाला. घोडं पेंड खातंय ते गेमपाशी.

मशीन: एएमडी एफएक्स-६३००, ८ जीबी रॅम, रेडिऑन आर९ २७० (२ जीबी), एसएसडी. मिंट २२.१, कर्नल (सिस्टिमचा गाभा) ६.८.

गेम विचर ३, जीओजी या ऑनलाइन गेम-दुकानातून घेतलेला. म्हणजे स्टीम नाही, लुट्रिसमधून (गेम लावून देणारं अ‍ॅप) वाइनवर (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं) टाकलाय. इन्स्टॉलर बिनबोभाट पार पडला, गेम सुरूही होतो, पण मेनूच सेकंदाला एखादी फ्रेम या वेगाने सरकतो. 'न्यू गेम' दाबायलाच पेशन्स लागतो. सीपीयूचा पंखा बोंबलत असतो आणि ग्राफिक्स कार्ड थंडगार. याच मशीनवर विंडोजमध्ये हा गेम लो-मीडियमवर खेळण्यासारखा चालायचा, तेव्हा कार्ड मेलंय असं म्हणता येत नाही.

ड्रायव्हर मॅनेजर म्हणतो, जादा ड्रायव्हरची गरज नाही. जीएलएक्सइन्फो कमांडमध्ये रेंडरर म्हणून 'एएमडी पिटकेर्न' दिसतं, पुढे कंसात 'डीआरएम २.५०' वगैरे. सुपरटक्सकार्ट हा रेसिंग गेम मस्त पळतो. लुट्रिसमध्ये डीएक्सव्हीके (विंडोज गेमचं ग्राफिक्स व्हल्कन या ग्राफिक्स-भाषेत फिरवणारं) बंद केलं तर विचर जरा वेगात चालतो, पण सावल्यांच्या जागी काळे ठोकळे येतात आणि थोड्या वेळाने क्रॅश.

आता करू काय? एएमडीच्या साइटवरून ड्रायव्हर उतरवू? डीएक्सव्हीकेचं जुनं व्हर्जन लावू? की लॅमिंग्टन रोडला जाऊन एखादं सेकंडहँड कार्ड बघू? बजेट फार नाही.

गुगलदास:
कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर टाका की सरळ. मी विंडोजवर कायम तेच करतो.

कर्नलकाका:
गुगलदास, तो विंडोजचा रिवाज इथे नको. एएमडीच्या त्या पॅकेजमध्ये आता इतकी जुनी कार्डं धरलेलीच नाहीत, उलट चालू असलेलं बिघडेल. लिनक्समध्ये रेडिऑनचा ड्रायव्हर कर्नल आणि मेसा (ग्राफिक्स ड्रायव्हरांचा संच) यांमधूनच येतो.

धागाकर्ते, कार्ड थंड आणि सीपीयू तापतोय, हे तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. मला अंदाज आलाय, पण खात्री करू. दोन गोष्टी इथे टाका. व्हल्कन-टूल्स पॅकेज घालून 'व्हल्कनइन्फो --समरी' काय म्हणतं ते, आणि 'एलएसपीसीआय -के' मध्ये ग्राफिक्स कार्डाखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' पुढे काय आहे ते.

धागाकर्ता:
काका, व्हल्कनइन्फोत एकच डिव्हाइस आहे: एलएलव्हीएमपाइप. आणि एलएसपीसीआयमध्ये ड्रायव्हर इन यूज: रेडिऑन. त्याखाली कर्नल मॉड्यूल्स: रेडिऑन, एएमडीजीपीयू अशी दोन नावं आहेत.

कर्नलकाका:
सापडला. तुमचं कार्ड गेमला दिसतच नाहीये.

विचर विंडोजच्या डायरेक्टथ्रीडी ११ भाषेत बोलतो. डीएक्सव्हीके ते बोलणं जागच्या जागी व्हल्कनमध्ये फिरवून देतो. ते व्हल्कन पुढे मेसातला आरएडीव्ही नावाचा ड्रायव्हर घेतो आणि कर्नलच्या ड्रायव्हरमार्फत कार्डाला देतो. तुमच्याकडे साखळी तुटलीय ती अगदी शेवटच्या कडीला. आरएडीव्ही फक्त एएमडीजीपीयू या कर्नल ड्रायव्हरशी बोलतो आणि तुमच्या कार्डाचा ताबा घेऊन बसलाय जुना रेडिऑन ड्रायव्हर. मग व्हल्कनला उरतो एलएलव्हीएमपाइप, म्हणजे सगळं चित्र सीपीयूवरच रंगवणारा सॉफ्टवेअर रेंडरर. बिचारा एफएक्स सहा कोरांनिशी विचर ३ रंगवतोय. पंखा बोंबलणारच.

डेस्कटॉप आणि सुपरटक्सकार्ट चालतात कारण ते ओपनजीएलवर (व्हल्कनहून जुनी ग्राफिक्स-भाषा) आहेत आणि ओपनजीएलला जुना रेडिऑन ड्रायव्हरही पुरतो. डीएक्सव्हीके बंद केल्यावर वाइन स्वतःच डायरेक्टथ्रीडीचं ओपनजीएल करतो, म्हणून तेव्हा कार्ड कामाला लागलं. पण तो रस्ता असल्या मोठ्या डीएक्स ११ गेमसाठी कच्चा आहे, काळे ठोकळे त्यातलेच. आणि खरं सांगायचं तर उत्तर तुमच्या पहिल्या पोस्टमध्येच होतं: 'डीआरएम २.५०'. आकडा दोनने सुरू झाला की जुना रेडिऑन, तीनने सुरू झाला की एएमडीजीपीयू.

हे होतं कारण आर९ २७० हे जीसीएन या एएमडीच्या चिप-रचनेच्या पहिल्या पिढीचं कार्ड आहे. पहिल्या दोन पिढ्यांसाठी एएमडीजीपीयूचा सपोर्ट कर्नलमध्ये वर्षानुवर्षं आहे, पण बाय डिफॉल्ट बंद. कर्नल ६.१९ पासून तो आपोआप लागतो. तुमचा ६.८ आहे, त्यामुळे हाताने सांगावं लागेल.

आधी एकदाच, तात्पुरतं करून बघा. सुरू होताना शिफ्ट (यूईएफआय असेल तर एस्केप) दाबून ग्रबचा (सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्रॅम) मेनू आणा, मिंटच्या ओळीवर 'ई' दाबा, 'लिनक्स' शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीत 'क्वाएट स्प्लॅश' नंतर एक स्पेस सोडून हे लिहा (अर्थात रोमन छोट्या अक्षरांत):

रेडिऑन.एसआय_सपोर्ट=० एएमडीजीपीयू.एसआय_सपोर्ट=१

मग एफ१०. स्क्रीन काळीच राहिली तर रिस्टार्ट मारा, सगळं पूर्ववत होतं. नीट चाललं तर हीच दोन पदं ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब या फाइलमध्ये 'सीएमडीलाइन_लिनक्स_डिफॉल्ट' च्या अवतरणचिन्हांच्या आत घाला आणि 'सुडो अपडेट-ग्रब' चालवा.

डीएक्सव्हीके जुनं लावू नका. २.० पासून (नोव्हेंबर २०२२) त्याला व्हल्कन १.३ लागतं आणि आरएडीव्ही तुमच्या कार्डावर ते देतो. नवीन कार्डाचे पैसे तर खिशातच ठेवा.

पेंग्विनप्रेमी:
माझं आर७ २६०एक्स आहे, मलाही हेच लागू का?

कर्नलकाका:
लागू, फक्त 'एसआय' च्या जागी दोन्हीकडे 'सीआयके' लिहा, ती दुसरी पिढी. आरएक्स ४०० मालिका आणि पुढच्यांना यातलं काहीच लागत नाही.

जुनाटपीसी:
माझ्याकडे एनव्हिडियाचं जीटी ७१० आहे. डीएक्सव्हीके सुरूच होत नाही. असाच काही स्विच आहे का?

कर्नलकाका:
नाही हो. तुमचं कार्ड बहुधा केप्लर (एनव्हिडियाची एक जुनी चिप-पिढी) आहे. त्याला शेवटचा ड्रायव्हर ४७० मालिकेचा, आणि तो व्हल्कन १.२ वर थांबलाय. तुम्हाला मात्र खरंच जुनं डीएक्सव्हीके हवं: लुट्रिसमध्ये गेमच्या रनर ऑप्शन्समध्ये व्हर्जन १.१०.३ निवडा. डायरेक्टथ्रीडी ९ ते ११ चे जुने गेम त्यावर चालतील, १२ चं विसरा. कुणी 'त्यापेक्षा जीटी ७३० घे' म्हणालं तर जपून. त्या नावाची काही कार्डं आतून त्याहून जुन्या फर्मी पिढीची आहेत, त्यांना व्हल्कन मुळातच नाही. डब्यावर ते कळत नाही.

रँकपुश:
या जुगाडाने वॅलोरंट चालेल का?

कर्नलकाका:
नाही. तिथे आडवं येतं ते त्याचं व्हॅनगार्ड हे चीटिंग रोखणारं सॉफ्टवेअर, ग्राफिक्सचा संबंध नाही. ते विंडोजच्या कर्नलमध्ये बसतं, वाइनकडे तसलं कर्नलच नसतं.

धागाकर्ता:
काका, दंडवत! पहिल्याच फटक्यात झालं. व्हल्कनइन्फोत आता 'आरएडीव्ही पिटकेर्न' येतं. डीएक्सव्हीकेचा तो कोपऱ्यातला हड (खेळताना माहिती दाखवणारी पट्टी) लावून पाहिला, त्यातही कार्डाचंच नाव. मेनू लोण्यासारखा. पण गंमत अशी की लुट्रिसच्या शॉर्टकटवरून गेम उघडला की लोड होता होता आपटतो. फोल्डरमध्ये जाऊन दुसरी एक्झी चालवली तर चालतो. आणि मधूनमधून बारीक झटके बसतात, विशेषतः नवीन जागी गेलं की.

कर्नलकाका:
डिसेंबर २०२२ च्या अपडेटनंतर या गेमला दोन एक्झी आहेत. 'बिन' मध्ये 'एक्स६४_डीएक्स१२' हे फोल्डर डायरेक्टथ्रीडी १२ चं. ते काम डीएक्सव्हीके करत नाही, व्हीकेडीथ्रीडी-प्रोटॉन करतो, आणि २ जीबीच्या या कार्डावर त्याचा हट्ट धरू नये. लुट्रिसमध्ये शॉर्टकटचा पाथ साध्या 'एक्स६४' फोल्डरमधल्या एक्झीकडे वळवा.

झटके शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) कंपाइल होताना बसतात. एकदा तयार झालेलं डिस्कवर साठतं, त्याच जागी पुन्हा गेलात की बसणार नाहीत. नोव्हिग्राडमध्ये पहिल्यांदा शिराल तेव्हा मात्र तयारी ठेवा.

आणखी एक, पुढे विचारालच म्हणून. एखादा जुना ३२ बिटी गेम टाकलात आणि त्यात पुन्हा एलएलव्हीएमपाइप दिसलं किंवा तो उघडलाच नाही, तर 'मेसा-व्हल्कन-ड्रायव्हर्स' पॅकेजची 'आय३८६' आवृत्ती आहे का ते आधी बघा. ६४ बिटीचा ड्रायव्हर ३२ बिटी गेमला उपयोगाचा नाही.

धागाकर्ता:
पाथ बदलला, आता शॉर्टकटवरूनही उघडतोय. १६०० बाय ९०० ला, लो-मीडियमवर ३० च्या आसपास फ्रेम मिळतात, विंडोजवरही साधारण तेवढ्याच मिळायच्या. शेवटचा त्रास: विंडोजमधले जुने सेव्ह पेनड्राइव्हवर घेऊन ठेवलेत, ते कुठे टाकू?

पेंग्विनप्रेमी:
याचं मी सांगतो. लुट्रिसमध्ये त्या गेमचा वाइन प्रीफिक्स (वाइनचं नकली विंडोज ठेवलेलं फोल्डर) कुठे आहे ते बघा. त्यात 'ड्राइव्ह_सी', मग 'यूजर्स', मग तुमचं लिनक्सचं यूजरनेम (प्रोटॉनवर, म्हणजे स्टीमच्या वाइनवर, चालवत असाल तर तिथे 'स्टीमयूजर' असतं), मग डॉक्युमेंट्समध्ये गेमच्या नावाचं फोल्डर, त्यात 'गेमसेव्ह्ज'. सगळ्या फाइली तिथे ओता. सोबतच्या छोट्या पीएनजी फाइली पण घ्या, त्या सेव्हच्या यादीतले फोटो आहेत. सेटिंग्जची फाइल मात्र विंडोजवरून आणू नका, गेमला ती नवीन बनवू दे.