भावकीच्या ग्रुपवर टाकलेली वंशावळ कोणीतरी स्वतःच्या नावाने साइटवर चढवली, काय करू?

किनाराकाठचा:
नमस्कार मंडळी, आम्ही देवगड तालुक्यातले. गावाचं नाव मुद्दाम देत नाही कारण गाव कळलं की आडनावही कळतं. गेली ९ वर्षं मी आमच्या घराण्याची वंशावळ जमवतोय. सुरुवात झाली आजोबा गेले तेव्हा, वारस नोंदीसाठी प्रतिज्ञापत्रावर वंशावळ लिहून द्यायची होती आणि घरात कोणालाच पणजोबांच्या भावांची नावं धड सांगता येईनात. तिथून जो लागलो तो जुने फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी) काढले, गाव नमुना १४ च्या जन्ममृत्यूच्या नोंदी बघितल्या, मराठी शाळेचं जनरल रजिस्टर बघितलं, काही कागदांसाठी रत्नागिरीला खेपा मारल्या कारण सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ ला वेगळा झाला, त्याआधी आमचं सगळं तिकडेच. मोडी शिकलो. आमच्यात आजोबाचं नाव नातवाला ठेवायची रीत, त्यामुळे विठोजी बिन (म्हणजे मुलगा) रामजी, रामजी बिन विठोजी असं तीन-तीन पिढ्या चालतं आणि कुठला विठोजी कुठला हे लावताना डोकं फिरतं.

आणि बायकांची नावं. कागदात ती जवळजवळ नाहीतच, फार तर नवरा वारल्यावर "विधवा अमुक" अशी एखादी. माझी एक आत्ये आहे, ८४ वर्षांची, तिच्या शेजारी बसून चार गणपती आणि दोन मे महिने मी एकेक नाव लिहून घेतलं, कोण कुठल्या गावाहून आली, माहेरचं नाव काय, कोण बाळंतपणात गेली. हे कुठल्याच दप्तरात नाही, फक्त तिच्या डोक्यात होतं.

११ पिढ्यांची पीडीएफ केली, मागच्या शिमग्याला भावकीच्या ग्रुपवर टाकली. सगळ्यांना आनंद झाला. आणि आता दोन महिन्यांपूर्वी एका साइटवर अख्खी वंशावळ दिसली, संशोधक म्हणून भलत्याच माणसाचं नाव. माझीच आहे हे कशावरून, तर मी सहाव्या पिढीत दोन वेगळ्या विठोजींना एकच माणूस समजलो होतो, ती चूक मला नंतर कळली, आणि तिथे ती चूक जशीच्या तशी आहे.

नाव गेलं त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. पण त्याहून मोठं म्हणजे जिवंत माणसांच्या जन्मतारखा, आयांची माहेरची आडनावं, कोण मुंबईत कुठल्या भागात राहतो, सगळं उघडं पडलंय. आमच्या सातबाऱ्यावर ४० च्या वर नावं आहेत, वाटण्या झालेल्या नाहीत. गेल्या महिन्यात एका चुलतभावाला जमिनीच्या एजंटचा फोन आला, तुमचा अमुक गटात इतका हिस्सा येतो, विकणार का म्हणून. त्याला स्वतःला माहीत नव्हतं त्याचा हिस्सा आहे ते. आणि तिसरी गोष्ट, त्या साइटवर थोरली आणि धाकटी शाखा उलटसुलट लावली गेलीय. कोकणातल्या माणसाला सांगायला नको पालखीचा मान कोणाचा यावरून काय काय होतं ते.

कायद्याने काही करता येतं का, आणि यापुढे कसं शेअर करायचं?

मोडीवाला:
आधी एक काम आजच करा, त्या पानांचे स्क्रीनशॉट घ्या, लिंक आणि तारीख दिसेल असे. तुम्ही तक्रार केल्यावर तो माणूस पान बदलेल आणि विठोजीची चूक दुरुस्त करून टाकेल, मग तुमच्या हातातला सगळ्यात चांगला पुरावा गेला. नावं खरी असतील तर तो म्हणू शकतो मी पण तेच फेरफार बघितले. पण दोघांची तीच चूक, त्याच जागी, हे कसं होईल? ग्रुपवर ज्या दिवशी पीडीएफ टाकली तो मेसेजही डिलीट होऊ देऊ नका, फोन बदलायच्या आधी चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा.

सागरवेळ:
मी ऐकलंय नकाशे बनवणारे लोक नकाशात एखादी खोटी गल्ली टाकतात, कोणी कॉपी केली की लगेच सापडतं. वंशावळीत पण एखादा न झालेला माणूस घालून ठेवायचा, निपुत्रिक वारला असा. काय हरकत आहे?

मोडीवाला:
सागरवेळ, हे कृपा करून करू नका. नकाशातली खोटी गल्ली फार तर एखाद्याला वळसा घालायला लावेल. आपल्याकडे वंशावळ तलाठ्याकडे जाते, कोर्टात जाते, जात पडताळणीला जोडली जाते. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणाऱ्यांकडे किती लोक पिशव्या भरून कागद घेऊन आले ते मी बघितलंय, आणि त्यातल्या कितीतरी जणांच्या हातात कोणीतरी कोणाला तरी पाठवलेली वंशावळ होती, मूळ कोणाची ते माहीत नाही. त्यात तुमचा खोटा माणूस गेला की एखाद्या पोराचं प्रकरण अडकेल. आणि एकदा फिरायला लागला की तुम्ही स्वतः सांगूनही तो मरणार नाही.

खूण ठेवायचीच तर खऱ्या गोष्टीची ठेवा. मी प्रत्येक शाखेला वेगळी पीडीएफ देतो, तळटीपेत छोटा क्रमांक असतो, कोणाला कुठली दिली ते वहीत लिहिलेलं. कुठून फुटली ते कळतं, आणि वंशावळ खोटी होत नाही.

ॲडव्होकेट_मिऱ्याबंदर:
मी रत्नागिरीत वकिली करते. तुमचे कागद बघितलेले नाहीत तेव्हा हे सर्वसाधारण समजा.

कडू गोष्ट आधी सांगते. अमुक हा तमुकाचा मुलगा, अमक्या साली वारला, ही वस्तुस्थिती आहे आणि वस्तुस्थितीवर कोणाचा कॉपीराइट नसतो, तुम्ही त्यासाठी ९ वर्षं घातली असली तरी. नुसत्या मेहनतीला संरक्षण नाही. सुप्रीम कोर्टाचा २००७ चा निकाल आहे, ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक. निकालपत्रं छापणाऱ्या प्रकाशकाचं म्हणणं होतं की आम्ही निकाल जमवून, तपासून, नीटनेटके करून छापतो, ते दुसऱ्याने उचलले. कोर्ट म्हणालं मूळ निकाल सगळ्यांचे, ते साफसूफ करण्याने तुमचे होत नाहीत, पण परिच्छेद पाडताना आणि कुठल्या न्यायाधीशाचं मत कशाशी सहमत ते ठरवताना जे कौशल्य आणि निर्णयबुद्धी तुम्ही वापरली ते तुमचं. तुमच्या वंशावळीला हेच लावून बघा. नावांची उतरंड म्हणजे ते निकाल. पण दोन विठोजी वेगळे का, हे ज्या पानावर तुम्ही फेरफार आणि शाळेची नोंद ताडून समजावून सांगितलं असेल ते पान तुमचं. आत्येकडून ऐकून तुमच्या शब्दांत लिहिलेल्या हकिकती तुमच्या, तुम्ही काढलेले फोटो तुमचे. मांडणीत स्वतःची काही निवड असेल तर तीही, कारण १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात तक्ते आणि संकलनं साहित्यकृतीत धरली आहेत.

कॉपीराइट लिहिलं त्या क्षणी मिळतो, नोंदणी सक्तीची नाही, आणि तो तुमच्या हयातभर आणि पुढे ६० वर्षं राहतो. पण भांडायची वेळ आली तर नोंदणीची नोंद कोर्टात प्रथमदर्शनी पुरावा धरली जाते, फी ५०० रुपये आहे, माझं मत करून टाका. कलम ५७ पण लक्षात ठेवा, आपल्या कृतीचा लेखक आपण आहोत हे सांगायचा हक्क त्यात आहे, तुमची टिपणं दुसऱ्याच्या नावाने आली असतील तर थेट तिथेच बोट ठेवता येईल.

साइटला लेखी तक्रार करताना "माझी वंशावळ चोरली" असं मोघम लिहू नका. कुठल्या पानावरचे कुठले परिच्छेद आणि फोटो तुमचे, मूळ कुठे आहे, आधी कधी प्रसिद्ध केलं, हे लिहा. साइट अमेरिकेतली असेल तर तिकडच्या १९९८ च्या डीएमसीए या डिजिटल कॉपीराइट कायद्याखाली नोटीस देता येते, बहुतेक मोठ्या साइटवर त्याचा तयार फॉर्म असतो. जिवंत माणसांची माहिती हा मुद्दा वेगळा अर्ज करून मांडा, कॉपीराइटमध्ये मिसळू नका, तो मुद्दा त्या त्या माणसाने स्वतः मांडला तर जास्त वजन पडतं.

आचऱ्याचो:
बाबारे, माका तुझा दुःख कळता. पण नावा ही काय कोणाच्या मालकीची नसतत. आमच्या पणज्याचा नाव आमका तुझ्यामुळे कळला तर ता चांगलाच ना?

मी पण माझ्या घराचं थोडं काम केलंय म्हणून लिहितो. मला ज्यांनी माहिती दिली त्यांनी ती कुलूप लावायला दिली नव्हती. देवळातल्या गुरवांनी, गावच्या म्हाताऱ्यांनी, त्र्यंबकेश्वरला ज्यांच्या घराण्याच्या वह्यांत आमच्या लोकांची नावं पिढ्यानपिढ्या लिहिलीत त्या उपाध्यायांनी, सगळ्यांनी मोकळ्या मनाने दिली. आपण ती बंद करून बसलो तर उद्या आपल्या मागे पेनड्राइव्ह कुठे पडला कोणाला कळणार नाही. माझ्या काकांचं असंच झालं, २० वर्षांचं काम, कोणाला दाखवायचे नाहीत, आणि ते गेल्यावर ट्रंकेत वाळवी.

किनाराकाठचा:
@आचऱ्याचो तुमचं पटतंय, मला कुलूप लावायचं नाहीच आहे. विचारलं असतं तर मी आनंदाने दिली असती, वर दुरुस्त केलेली दिली असती. माझी तळमळ हीच आहे, की आता ती चूक माझ्या हातातून गेली. मी माझी फाइल दुरुस्त केली पण त्याच्या साइटवर तसंच आहे, तिथून आणखी कोणी उचलेल.

माहेरवाशीण_वेंगुर्ला:
जिवंत माणसांबद्दल कोणी फार बोललं नाही म्हणून लिहिते, मला तोच भाग सगळ्यात गंभीर वाटतो. आईचं माहेरचं आडनाव आणि जन्मतारीख, कितीतरी ठिकाणी ओळख पटवायला हेच दोन प्रश्न विचारतात. आमच्या घराण्याच्या झाडात मी नियम ठेवलाय, माणूस जिवंत असेल तर बाहेर जाणाऱ्या प्रतीत फक्त "मुलगा" "मुलगी" इतकंच, नाव पण नाही, ज्यांनी स्वतः हो म्हटलं त्यांचंच नाव. लहान मुलं तर अजिबात नाही.

हे हाताने करायला नको. मी ग्रॅम्प्स नावाचं वंशावळीचं सॉफ्टवेअर वापरते, फुकट आहे, स्वतःच्या कॉम्प्युटरवर चालतं, कोणाच्या साइटवर काही चढवायला लागत नाही. त्यात एकेका नोंदीला खाजगी अशी खूण करता येते आणि फाइल बाहेर काढताना खाजगी नोंदी आणि जिवंत माणसं गाळून काढायची सोय आहे. गेडकॉम फाइल (वंशावळीची सॉफ्टवेअर आणि साइट थेट वाचतात ती) मात्र कोणालाही सहज देऊ नका, मी एकदा दिली होती नात्यातल्याच एका मुलाला. पीडीएफ कॉपी करायला निदान बसून टाइप करावं लागतं, गेडकॉम दोन क्लिकमध्ये दुसऱ्या साइटवर जाते, टिपणांसकट. आणि जिथे सगळ्यांचं मिळून एकच झाड असतं अशा साइटवर टाकताना समजून टाका की तिथे ते तुमचं एकट्याचं राहत नाही, कोणीही येऊन बदलू शकतो, ती त्या साइटची रीतच आहे.

दुसरं, प्रत्येक नावापुढे ते कुठून मिळालं ते लिहा. "फेरफार क्र. अमुक, सन अमुक" किंवा "आत्येने सांगितलं, गणपती २०१९". कॉपी करणारे हे बहुतेक वेळा गाळतात, मग वाचणाऱ्याला दोन प्रती शेजारी ठेवल्या की कळतं काम कोणी केलंय. जमिनीचे गट नंबर मात्र त्यात घालू नका, ते तुमच्या वहीत राहू दे.

मोडीवाला:
वरच्यात भर. थोड्या प्रती छापून घ्या, साध्या झेरॉक्स बाइंडिंगच्या चालतील, वर तारीख घालून एक प्रत रत्नागिरीच्या जिल्हा नगर वाचनालयाला भेट द्या, १८२८ पासूनची संस्था आहे, दाखल करून घेतली तर त्यांच्या रजिस्टरला तारीख पडते. एक देवळात, एक गावच्या शाळेत. आचऱ्याच्या दादांची वाळवीची काळजी पण मिटेल.

किनाराकाठचा (९ दिवसांनी):
सगळ्यांचे मनापासून आभार. स्क्रीनशॉट घेतले, मग नोटीस पाठवायच्या आधी त्या माणसाचा शोध घेतला तर आमच्याच धाकट्या शाखेतला निघाला, पुण्यात असतो, वय २६. फोन केला. त्याला वाटलं होतं ग्रुपवर आली म्हणजे सगळ्यांचीच, आणि नाव टाकल्याशिवाय साइट पुढे जात नव्हती म्हणून स्वतःचं टाकलं. मी आधी रागावलो, मग तासभर बोललो. जिवंत माणसं त्याने त्याच रात्री काढली, टिपणांखाली माझं नाव घातलं, शाखांचा क्रम सरळ केला. दोन विठोजी वेगळे कसे ते मी त्याला फेरफारच्या फोटोंसकट समजावलं, तेही त्याने दुरुस्त केलं. पण तोपर्यंत आणखी एका साइटवर त्याची जुनी प्रत गेलेली आहे, तिथे ॲडव्होकेट ताईंनी सांगितलं तसं परिच्छेद दाखवून तक्रार केलीय, अजून उत्तर नाही. नोंदणीचा अर्ज पण भरतोय. चुलतभावाला सांगितलंय एजंटला काही कबूल करू नको, आधी भावकी बसू दे.

माहेरवाशीण ताईंचा नियम वाचून आत्येला पण विचारलं, तुझं नाव बाहेरच्या प्रतीत ठेवू की काढू. ती म्हणाली जन्मतारीख काढ, गावाचं पण काढ हवं तर, पण नाव राहू दे, आमच्यातल्या कुठल्या बाईचं नाव आजवर कोणी लिहिलं नव्हतं.